नापास डब्यातली फ्लॉपी

फ्लॉपी म्हणजे काय, ते आता माझ्या लेकीला समजावून सांगावं लागतं. तळहाताएवढी चौकोनी प्लॅस्टिकची चपटी डबी, एका कडेला पत्र्याचं सरकतं झाकण. त्यात लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, पतसंस्थेचे अहवाल सगळं मावायचं, आणि एखाद्या दिवशी काही न सांगता नाहीसंही व्हायचं. लेक विचारते, "मग तुम्ही अशा वस्तूवर विश्वास कसा ठेवायचात?" मी म्हणते, नव्हतोच ठेवत. आमच्या घरात विश्वास ठेवायच्या आधी परीक्षा घ्यायची पद्धत होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नगरजवळच्या भिंगारला घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून द्यायचं दुकान काढलं. खोली सासऱ्यांची होती. लष्कराच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून ते नुकतेच रिटायर झाले होते, आणि नुकत्या रिटायर झालेल्या माणसाची बसायची जागा काढून घेणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. पण त्यांनी स्वतःच आरामखुर्ची उचलून व्हरांड्यात नेली. "खोली तुला दिली, सूनबाई. आता तिथनं खराब माल बाहेर जाता कामा न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा. तो या गोष्टीत फारसा नाही, आणि त्याला त्याचं दुःखही नाही.

मामांचा अख्खा जन्म माल उतरवून घेण्यात गेला होता. डेपोत एखादा माल आला की त्यातला नमुना काढायचा, तो तपासायचा, पास झाला तरच बाकीचा आत घ्यायचा. ही सवय रिटायर झाली नाही. घरात तूरडाळ आली तरी ते मूठभर डाळ ताटात पसरून बसायचे. आत्या म्हणायच्या, "बाई, माझं लगीन झालं तवा मलाबी असंच उजेडात धरून बघितलं असंल." मामा मान वर न करता म्हणायचे, "बघितलं हुतं. पास केली."

दुकान सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका शाळेचा सहामाहीचा पेपर फ्लॉपीतून उडाला. मी पुन्हा सगळा टाइप केला, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली आणि संध्याकाळी तोंड पाडून व्हरांड्यात बसले. मामांनी ती फ्लॉपी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "कुठल्या कंपनीची?" मी सांगितलं. "आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कशा?" मला काय ठाऊक! दुकानदार देईल ती मी आणत होते. मामांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की माझी फजिती त्यांनी साजरी करायला घेतलीय असं मला वाटलं. खरं तर रिटायर झाल्यापासून त्यांना तपासायला काही मिळालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून नगरच्या बाजारात गेले आणि मिळतील तेवढ्या कंपन्यांच्या फ्लॉप्या घेऊन आले. एक जपानी म्हणून विकली जायची, एक तैवानची, एक दिल्लीची, आणि एक नुसतीच सुट्टी, बिननावाची. नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून घरात त्या रंगावरून ओळखल्या जायच्या: काळी, निळी, करडी आणि सुट्टी. दर रविवारी सकाळी चहा झाला की परीक्षा. प्रत्येक फ्लॉपीवर एकच फाईल ठेवलेली. ती मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, उतरवायची आणि उतरली की मशीनमधून पुसायची. विनातक्रार उतरली तर पास, अडकली तर नापास. पास फ्लॉपीवर मामा ऑइलपेंटचा हिरवा टिपका द्यायचे, नापासवर लाल. लाल टिपका पडला की ती फ्लॉपी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. एकदा अडकली म्हणजे संपलं. दुसरी संधी नाही. मी म्हणायची, "मामा, कधी कधी मशीनमध्ये धूळ असते, फ्लॉपीचा दोष नसतो." ते म्हणायचे, "गोळी उडाली न्हाई तर जवान धुळीचं कारण सांगत बसंल का?"

आणि त्यांना खरोखरच गोष्टी कळत गेल्या. काळी महाग, पण टिकणारी. निळीचं एक खोकं उत्तम निघालं आणि त्याच कंपनीचं दुसरं खोकं निम्मं नापास. मामा खूश झाले. "कंपनीच्या नावावर जाऊ नको, लॉट बघ," हे त्यांचं पेटंट वाक्य झालं. दुसरं असं की ज्या मरायच्या त्या बहुतेक सुरुवातीलाच मरतात. तेवढा काळ काढला की मग चालत राहतात. सुट्टीबद्दल मात्र त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं. जिला बापाचं नाव नाही तिच्याकडून काय अपेक्षा, असं ते म्हणायचे आणि आत्या स्वयंपाकघरातून जोरात भांडं आपटायच्या.

परीक्षेसाठी फाईल कुठली वापरायची, हा प्रश्न होता. गिऱ्हाइकाचा माल तपासणीला वापरायचा नाही, हा मामांचा कायदा. मग मी माझ्याकडची सगळ्यात मोठी घरची फाईल दिली. ती कशाची आहे हे त्यांनी विचारलं नाही. खोक्यात काय आहे ते बघणं स्टोअरकीपरचं काम नाही, खोकं धड आहे का तेवढं बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मला मनातल्या मनात हसू यायचं. कारण ती फाईल आत्यांची होती.

दुपारी दुकानात सामसूम असायची. मामा व्हरांड्यात पेंगायचे. तेव्हा आत्या आतून यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि सांगायला लागायच्या, आणि मी टाइप करायची. सुरुवात त्यांनीच केली होती. एकदा मी कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या पत्रकावर फोटो जुळवत होते. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईचा एकबी फोटो न्हाई. ती कशी हुती ते आता फकस्त मला म्हाईत. मी गेले की ती दुसऱ्यांदा जाईल." मग थोड्या वेळानं विचारलं, "ह्याच्यात सांगितलेलं ऱ्हातं का?"

आत्यांचं माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, भाताच्या गावातलं. आई दुसऱ्यांच्या खाचरांत आवणीला जायची, म्हणजे भाताची रोपं लावायला. ती डावखुरी होती. बाकीच्या बायका एका अंगानं लावत जायच्या, ही उलट्या. त्यामुळं शेत वर आलं की तिची ओळ बांधावरून ओळखू यायची, रोपं किंचित दुसरीकडं कललेली. मालक चिडायचा. लहानगी आत्या मात्र बांधावर उभी राहून मैत्रिणींना दाखवायची, ती बघ, ती माझ्या आईची ओळ. पावसात आई तिला पाठीशी घेऊन दोघींवर पानांचं एकच इरलं पांघरायची, आणि आतून आत्याला फक्त आईची पाठ आणि पानांवरचा पावसाचा आवाज. पुढं गावातल्या घरांनी धर्म बदलला, देव्हारा रिकामा झाला, तेव्हा आईनं त्या फळीवर भाताच्या लोंब्यांची जुडी ठेवली होती. कुणी काही म्हणालं नाही. हे सगळं आत्या अशा सांगायच्या की टाइप करताना माझी बोटं थांबायची.

त्यांच्या अटी होत्या. मशीनमध्ये ठेवायचं नाही, तिथं दहा गिऱ्हाइकं डोकावतात. कागदावर इतक्यात काढायचं नाही, कागद कुणाच्याही हाती लागतो. पुरं झालं की एकदाच काढायचं. आणि "ह्यांना" सांगायचं नाही. का, असं मी विचारलं. "ते तपासायला बसतील," आत्या म्हणाल्या. म्हणून ते सांगणं फक्त फ्लॉपीवर राहिलं. सगळ्यात चांगल्या काळ्या फ्लॉप्या निवडून मी त्यांवर प्रती केल्या आणि दर बैठकीनंतर त्यांत, आणि परीक्षेच्या फ्लॉप्यांतही, भर घालत गेले. एकदा गंमत म्हणून मी विचारलं, हे हरवलं तर पुन्हा सांगाल ना? त्या गंभीर झाल्या. "न्हाई. दुसऱ्यांदा माणूस सजवून सांगतो. त्यात आई ऱ्हानार न्हाई."

काळ्या फ्लॉप्या आणि हिरव्या टिपक्यांच्या सगळ्या पास फ्लॉप्या दुकानातल्या लाकडी कपाटात असायच्या. डेपोच्या लिलावातली खोकी विकत घेऊन मामांनी ते स्वतः बनवलं होतं. जाड फळ्या, घट्ट दार, धूळ नाही, ऊन नाही. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा ती, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

एप्रिलात जयंती आली. विहार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि समितीत मामांचा शब्द चालायचा. मिरवणुकीसाठी आणलेले स्पीकर कुठं ठेवायचे, यावर चर्चा झाली आणि मामांनी छाती पुढं काढून सांगितलं, "माझ्या घरी. माझ्याकडनं आजवर काय हरवलंय?" पोरांनी ते भले मोठे खोके आणून दुकानात उतरवले. मामांनी उभं राहून ते रचून घेतले. समोरच्या नाजूक कागदी पडद्यांना धक्का लागू नये म्हणून तोंडं मोकळ्या बाजूला आणि पाठी कपाटाला अगदी चिकटवून. एकाची मागची फळी निघालेली होती. जयंती झकास झाली. आत्यांनी पांढरी साडी नेसली, मामांनी मिरवणुकीत लेझीम धरलं आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली. स्पीकर न्यायला मंडप डेकोरेटरचा टेम्पो काही लवकर आला नाही.

जयंतीची सुट्टी संपवून मी दुकान उघडलं आणि एका गिऱ्हाइकाची फ्लॉपी घातली. वाचेना. दुसरी, वाचेना. आत्यांची काळी घातली, आणि पडद्यावर आलं की ही फ्लॉपी कोरी आहे, तयार करायची का? दुसरी काळी, तिसरी, तेच. मी तिथंच खुर्चीवर हात टेकून बसले.

मामांना मी फक्त एवढंच सांगितलं की कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या गेल्या. त्यांचा पारा चढला. "काळीनंसुदिक दगा दिला? जपानी म्हनं!" मरायच्या त्या सुरुवातीलाच मरतात, हा स्वतःचाच शोध त्या कंपनीनं खोटा पाडल्याचा त्यांना जास्त राग आला होता. त्यांनी सगळ्या फ्लॉप्या पिशवीत भरल्या, सायकल काढली आणि नगरला दुकानदाराशी भांडायला गेले.

ते गेल्यावर आत्या बाहेर आल्या. माझ्याकडं बघून त्यांना कळलं. "गेलं?" मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "जाऊ दे. आईचा फोटोबी नव्हताच," म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. मला रडू आलं ते त्या थापण्याच्या आवाजानं. रोजच्यासारखाच तो आवाज येत होता.

काहीतरी करायचं म्हणून मी लग्नपत्रिकेचे कच्चे कागद लावायला घेतले आणि टाचण्यांसाठी कपाट उघडलं. टाचण्यांची बशी रिकामी. बघते तर सगळ्या टाचण्या आतल्या बाजूला, कपाटाच्या बाजूच्या फळीला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. लाकडावर! त्याच फळीला लागून फ्लॉप्यांची रांग असायची. मी कपाटाच्या बाजूला जाऊन फळी निघालेला स्पीकर सगळा जोर लावून सरकवला. आत टाचण्या खळ्ळकन खाली पडल्या. स्पीकरच्या पाठीत भाकरीच्या तव्याएवढं चुंबक होतं. चुंबकाजवळ फ्लॉपी नेऊ नये, हे कॉम्प्युटरच्या क्लासात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण जयंतीचे स्पीकर म्हणजे चुंबक, हे आमच्या घरात कुणाच्या मनात येणार? ते तर मानाचे पाहुणे होते.

मामा विजयी मुद्रेनं परतले. दुकानदाराला कंपनी, लॉट, सगळं ऐकवून ते नवं खोकं बदलून घेऊन आले होते. मी त्यांना कपाटापाशी नेलं, बशीत टाचण्या घातल्या आणि स्पीकर पुन्हा फळीला लावला. टाचण्या उठून उभ्या राहिल्या. मामांनी एक टाचणी उपटून सोडली, ती पुन्हा जाऊन चिकटली. "म्हंजे माल चांगला हुता," ते हळूच म्हणाले. "स्टोअरकीपर नापास." मग मी त्यांना सांगून टाकलं, त्या फ्लॉप्यांत आत्यांचं काय होतं, त्यांच्या अटी काय होत्या, आणि दर रविवारी ते कुठली फाईल उतरवत होते. ते आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत्यांनी त्यांच्याकडं न बघता विचारलं, "जेवता का?"

आणि मागोमाग आलेल्या मला मामांच्या डोक्यावर, माळ्यावर, तो बिस्किटांचा डबा दिसला.

लाल टिपक्याच्या सगळ्या फ्लॉप्या मी खाली काढल्या. प्रत्येकीवर परीक्षेची फाईल होती, म्हणजे आत्यांची. एक घातली, खर्रर्र आवाज करून अडकली. दुसरी अडकली. मामा मागं उभे राहून, पहिल्यांदाच, नापास मालासाठी श्वास रोखून बघत होते. निळ्या गेल्या, करड्या गेल्या. तळाशी सुट्टी होती, बिननावाची, ती एका रविवारी एकदाच अडकली होती. तिचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, आणि पडद्यावर आत्यांची आई बांधावर आली, इरलं पांघरून.

मी ओरडलेच. आत्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. मामा म्हणाले, "आधी कागदावर काढ. कागद कुनाच्या हाती लागला तर लागू दे." आत्यांनी अट मागं घेतली. प्रिंटर कर्कश आवाजात ओळी छापत गेला आणि मामा व्हरांड्यात बसून ते मोठ्यानं वाचत गेले, कारण आत्यांना वाचता येत नव्हतं. डावखुऱ्या ओळीपाशी ते थांबले. "हे मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

पण शेवटचा भाग नव्हता. ती फ्लॉपी नापास झाली त्या दिवसापर्यंतचंच त्यात होतं. लग्न होऊन आत्या भिंगारला आल्या, ते त्यांनी नंतर सांगितलं होतं. तेवढं गेलंच. मला वाटलं, आता तो विषय संपला. पण दुसऱ्या दुपारी आत्या आपणहून स्टुलावर येऊन बसल्या. मामा पेंगत नव्हते. ते उठून जायला निघाले तर आत्या म्हणाल्या, "बसा. ह्यात आई न्हाई, तुमीच हाये. परत सांगितलं तर चालतंय."

हा भाग मी आधी एकदा ऐकला होता. डेपोचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा, सगळे एकाच खाकी कपड्यांत. नव्या नवरीला आपला माणूस ओळखू येईना. तिचं दारात उभं राहून भांबावणं मामांनी पाहिलं आणि तिच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी सायकलच्या हँडलला बांधली. ती चिंधी विरली की दुसरी, असं रिटायर होईपर्यंत. मी टाइप करत होते, आणि आत्या पुढं जे बोलल्या ते पहिल्या वेळी त्यांनी सांगितलं नव्हतं.

"खरं सांगू का, मला चिंधी कधी लागलीच न्हाई. ह्यांच्या सायकलीची घंटी फुटकी हुती. एवढ्या गर्दीत ती पयल्याच आठवड्यात वळखली मी. वळनावर ऐकू आली की मी चहा ठेवायची, आन् मग दारात यायची."

मामा सरळ होऊन बसले. "मग एवढी वर्षं चिंधी कशाला बांधू दिलीस?"

"तुमी रोज माझ्यासाठी बांधत हुता," आत्या म्हणाल्या. "मला लई बरं वाटायचं."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती लाल टिपक्याची सुट्टी फ्लॉपी होती. नव्या काळ्या फ्लॉप्यांचं खोकं बाजूला सारून त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "आधी ह्याच्यावर घाल." मी घातलं. पुढच्या रविवारी चहा झाल्यावर बाकी सगळ्या फ्लॉप्यांची परीक्षा झाली, पण मामांनी त्या एकीला हात लावला नाही.